साहसकथा ऐकायच्या, तर तासाला किती पडतात?

ऑडिओबुकचं कुठलंही ॲप उघडा, सगळ्यात ठळक दिसतो तो महिन्याचा दर. त्यावरून स्वस्त-महाग ठरवू नका. घरातलं मूल महिन्यात खरोखर किती तास ऐकणार, त्या तासांनी दराला भागा. शाळेच्या बसमध्ये रोज वीस मिनिटं ऐकणारी सातवीतली मुलगी महिन्याच्या बावीस शाळादिवसांत सव्वासात तास ऐकते. म्हणजे १९९ रुपयांच्या योजनेत तिला तास २७ रुपयांना पडला आणि २९९ च्या योजनेत ४१ रुपयांना. मे महिन्यात आजोळी गेलेला तिचा भाऊ रोज दोन तास ऐकत असेल, तर त्याच २९९ रुपयांत त्याला तास ५ रुपयांना पडतो. दोघांसाठी एकच योजना घेणं हा पैशांचा अपव्यय आहे.

उदाहरणातले आकडे मनाने घेतलेले नाहीत. स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ च्या नोव्हेंबरात भारतात आली तेव्हा तिचा दर महिना २९९ रुपये होता. पैसे भरायचे आणि हवं तितकं ऐकायचं. वर्षभराने अ‍ॅमेझॉनच्या मालकीचं ऑडिबल आलं, महिना १९९ रुपयांत. तिथे दरमहा एक क्रेडिट मिळतं आणि एका क्रेडिटला एक पुस्तक. त्यानंतर सवलती, वार्षिक योजना, जाहिरातींतले दर असं बरंच काही बदलत राहिलं. तेव्हा आजचा दर पडद्यावर पाहा आणि हिशेब याच पद्धतीने करा.

या दोन पद्धतींतला खरा फरक दराचा नाही. पहिली भाड्याची आहे: वर्गणी थांबली की पुस्तकं गेली, अर्धी ऐकलेलीसुद्धा. दुसरी खरेदीची आहे: सदस्यत्व सोडलं तरी क्रेडिटने घेतलेली पुस्तकं तुमच्या खात्यात राहतात, न वापरलेली क्रेडिटं मात्र बुडतात. म्हणून सदस्यत्व बंद करण्याआधी शिल्लक क्रेडिट खर्च करा. ही एवढी गोष्ट बरेच जण विसरतात.

साहसकथा सहसा मालिकेत येतात, आणि तिथे हिशेब वेगळा होतो. पर्सी जॅक्सनची पहिली मालिका पाच पुस्तकांची. पाच क्रेडिटं म्हणजे ९९५ रुपये. यातलं एकेक पुस्तक साधारण आठ-दहा तासांचं, म्हणजे एकूण चाळीस-पन्नास तास. बसमध्ये ऐकणाऱ्या मुलीला त्याला सहा महिने लागतील. भाड्याच्या योजनेत तोवर १,७९४ रुपये गेले. तिने क्रेडिटं घ्यावीत. सुट्टीत फडशा पाडणाऱ्याने फक्त मे महिन्यापुरती वर्गणी घ्यावी आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत ती बंद करावी. वार्षिक योजना दिसायला स्वस्त असते, पण जुलै ते सप्टेंबर मूल किती ऐकतं हे एकदा पाहिल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

तिसरा प्रकार भागांच्या विक्रीचा. पॉकेट एफएमवर शेकडो भागांच्या मालिका असतात. सुरुवातीचे काही भाग फुकट, पुढचे कॉइन देऊन उघडायचे. प्रत्येक भाग उत्कंठेच्या टोकावर तुटतो. एका भागाला लागणारे पैसे किरकोळ वाटतात, म्हणून आधी एकूण भागांची संख्या पाहा, तिने गुणा आणि मग ठरवा. अल्पवयीन मुलाच्या हाती ज्या फोनवर पैसे जोडलेले आहेत तो फोन या प्रकारासाठी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फुकटातला खजिना, आणि त्यातल्या खाचा

आता आनंदाची बातमी. कानांनी ऐकायला सगळ्यात चांगल्या ठरणाऱ्या साहसकथा बहुतेक फुकट आहेत. त्या ऐकायला चांगल्या ठरतात त्याला कारण आहे. त्या मुळात तुकड्या-तुकड्यांनी छापल्या गेल्या. स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ १८८१-८२ मध्ये ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली, पुस्तक झालं १८८३ मध्ये. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांची जगप्रदक्षिणा १८७२ मध्ये पॅरिसच्या ‘ल तां’ या दैनिकात येत होती. वाचकाला पुढच्या अंकापर्यंत लटकत ठेवायचं, तर प्रकरण आटोपशीर हवं आणि शेवटी काहीतरी अडकलेलं हवं. बसच्या वीस मिनिटांना हेच लागतं. शिवाय ‘ट्रेझर आयलंड’ची गोष्ट जिम हा मुलगा स्वतः सांगतो; एका माणसाच्या आवाजात ती कृत्रिम वाटत नाही.

लिब्रिव्हॉक्स हा स्वयंसेवकांचा उपक्रम २००५ पासून चालू आहे. कॉपीराइट संपलेली पुस्तकं जगभरातले लोक घरबसल्या वाचून ध्वनिमुद्रित करतात. नोंदणी नाही, वर्गणी नाही, फाइल उतरवून मेमरी कार्डवर टाका, शेजाऱ्याला द्या, सगळं कायदेशीर. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. स्टीव्हन्सन १८९४ मध्ये, व्हर्न १९०५ मध्ये, जॅक लंडन १९१६ मध्ये आणि किपलिंग १९३६ मध्ये गेले, त्यामुळे हे चौघे आपल्याकडेही मोकळे आहेत.

फुकटाची किंमत निवडीच्या कष्टात द्यावी लागते. एकाच कादंबरीची अनेक ध्वनिमुद्रणं सापडतात. काही सामूहिक असतात, म्हणजे प्रत्येक प्रकरण वेगळ्याच माणसाने वाचलेलं. पहिलं स्कॉटिश ढंगात, दुसरं टेक्सासच्या. कादंबरीसाठी ती सोडून द्या आणि एकाच वाचकाची आवृत्ती शोधा. ‘ट्रेझर आयलंड’च्या वाचकाची परीक्षा सोळा ते अठरा या तीन प्रकरणांत होते, कारण तिथे जिम बाजूला होतो आणि डॉक्टर लिव्हसी गोष्ट सांगू लागतो. चांगला वाचक इथे आवाजाचं वय बदलतो. सुमार वाचकाकडे मुलाला कळतही नाही की बोलणारा कोण.

व्हर्नच्या बाबतीत भाषांतर तपासणं त्याहून महत्त्वाचं. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’चं मर्सिअर यांनी १८७२ च्या सुमारास केलेलं इंग्रजी भाषांतर बदनाम आहे, मूळ मजकुराचा जवळपास चौथा हिस्सा त्यात गाळला आहे. एफ. पी. वॉल्टर यांचं पुढच्या काळातलं पूर्ण भाषांतरही फुकट उपलब्ध आहे. पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाची खूण तर पहिल्या मिनिटातच पटते. प्राध्यापकाचं नाव लिडेनब्रॉक ऐकू आलं तर ठीक. हार्डविग ऐकू आलं तर ती १८७१ ची आवृत्ती, तिच्यात पात्रांच्या नावांपासून प्रसंगांपर्यंत फेरफार केलेत. ती बंद करा.

ऐंशी दिवसांच्या प्रदक्षिणेची शिफारस मी मराठी घरांना मुद्दाम करतो. तिच्यात मुंबई आहे: नायकाचा नोकर पासपार्तू मलबार हिलच्या देवळात बुटांसकट शिरतो आणि मार खाऊन पळतो, मग गाडी घाट चढून निघते. इंग्रजी कानांना अजून सराव नसलेलं मूलही या प्रकरणांत रमतं, कारण जागा ओळखीच्या असतात. हे पुस्तक सुमारे सात तासांचं आहे, खर्च शून्य.

कालावधीवरून आणखी एक गोष्ट ओळखता येते. इंग्रजी वाचक तासाला साधारण नऊ हजार शब्द वाचतो. त्या हिशेबाने ‘ट्रेझर आयलंड’ सात तासांच्या आसपास भरायला हवं. कुणी ते अडीच तासांत विकत असेल, तर ती संक्षिप्त आवृत्ती आहे, मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं असो वा नसो. पूर्ण आवृत्ती फुकट असताना तिला क्रेडिट घालू नका.

मराठीत

व्हर्न मोकळा असला तरी मराठीतला व्हर्न मोकळा नाही. भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि फास्टर फेणे हा फुरसुंगीचा पोरगाही दिला. भागवत २००१ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या लेखनावर २०६१ अखेरपर्यंत हक्क आहेत. यूट्यूबवर कुणी अख्खं पुस्तक वाचून टाकलं असेल, तर ते प्रकाशकाच्या परवानगीने आहे का, ते पाहावं. तशी नोंद नसेल तर ते कधीही गायब होतं आणि मूल गोष्टीच्या मध्यात अडकतं. मराठी साहसकथेसाठी पैसे मोजावे लागतील हे गृहीत धरा. मोजायला हरकतही नाही, कारण मराठी अभिवाचन करणाऱ्या मंडळींत नाटकाची आणि आकाशवाणीच्या श्रुतिकांची तालीम असलेले लोक आहेत.

पण घेण्याआधी नमुना ऐका, आणि सुरुवातीचा नको. सुरुवातीचं वर्णन कुणीही बरं वाचतं. धावपळीचा प्रसंग शोधा. तिथे वाचक घाई करतो की वाक्य आवळतो? फास्टर फेणेच्या बाबतीत त्याचं ते जिभेचं ‘ट्टॉक्’ कसं येतं ते पाहा. नुसतं अक्षर वाचल्यासारखं आलं, तर पुढचे तीन तास कंटाळ्याचे आहेत असं समजा. पार्श्वसंगीताबद्दलही माझं मत कडक आहे. प्रत्येक दाराला करकर आणि प्रत्येक पावलाला धप्प असेल, तर मुलाने कल्पना करायची कशाची?

पात्रागणिक वेगळा आवाज हा गुणच असतो असंही नाही. जिम डेल यांनी हॅरी पॉटरच्या पाचव्या पुस्तकात १३४ आवाज काढले आणि गिनेस बुकात नाव लावलं. ते कसब थक्क करणारं आहे. बहुतेक वाचकांना ते झेपत नाही, मग बायकांची पात्रं किनऱ्या आवाजात बोलू लागतात आणि बारा-तेरा वर्षांची मुलं हसतात, नको तिथे. स्थिर आवाजात फक्त लय आणि हेल बदलणारा वाचक लांबच्या कादंबरीला बरा. अनेक नटांची आवृत्ती हवीच असेल, तर फिलिप पुलमन यांची ‘हिज डार्क मटेरियल्स’ घ्या: संवाद नटांचे, निवेदन खुद्द लेखकाचं. ती क्रेडिटच्या लायकीची आहे. इंग्रजीत काय ऐकावं सुचत नसेल, तर ओडिसी पुरस्काराची यादी पाहा. मुलांच्या आणि किशोरांच्या ऑडिओबुकांसाठी अमेरिकन ग्रंथालय संघटना तो २००८ पासून देते.

स्टोरीटेलवर किड्स मोड आहे. तो लावला की बालसाहित्यापुरतंच दालन उघडतं, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला तो अपमान वाटतो. न लावावा तर त्याच ॲपवर प्रौढांसाठीचा मजकूर. मधला रस्ता एकच: यादी दोघांनी मिळून करायची.

अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांनी वर्गणीच्या भानगडीत पडण्याआधी सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड काढावं. लिबी या ॲपवर ते कार्ड घातलं की किशोरांची ताजी ऑडिओबुकंही फुकट मिळतात. लोकप्रिय पुस्तकाला नंबर लावावा लागतो आणि मराठी फारसं सापडत नाही, एवढंच. इकडे, दृष्टिहीन किंवा डिस्लेक्सियासारख्या अडचणीमुळे छापील वाचू न शकणाऱ्या मुलांसाठी सुगम्य पुस्तकालय हे २०१६ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे. अशा मुलाच्या पालकांनी पैसे भरण्याआधी तिथे नाव नोंदवावं.

बिलात न दिसणारा खर्च

डेटा फार लागत नाही. ६४ केबीपीएसच्या फाइलला तासाला २९ एमबी, म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’ सगळं मिळून दोनशे एमबी. दर्जा दुप्पट घेतला तर चारशे. घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. हेडफोनवर मात्र लक्ष हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला चाळीस तास ही मर्यादा आहे. बसच्या गोंगाटात आवाज नकळत वाढवला जातो, त्यामुळे महागड्या हेडफोनपेक्षा फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाला कुलूप लावणं उपयोगी. घरी असाल तर स्पीकरवर लावा. एका वर्गणीत चौघं ऐकतात आणि तासाचा दर चौथाईवर येतो.

राहता राहिला ऑटोपे. ‘पहिला महिना फुकट’ किंवा नाममात्र रकमेची चाचणी घेताना तुम्ही पुढच्या वसुलीला परवानगी देता. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्ड वा यूपीआयवरून अशी आवर्ती रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. ॲप फोनवरून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ॲपमध्ये सदस्यत्व रद्द करा, आणि त्यानंतर यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन ती परवानगीही रद्द करा. ॲप स्टोअरमार्फत पैसे भरले असतील, तर रद्द करण्याची जागा त्या स्टोअरच्या सदस्यत्वांच्या यादीत असते. रद्द करण्याचं बटणच सापडत नसेल, तर ‘वर्गणीचा सापळा’ हा प्रकार केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तेरा निषिद्ध क्लृप्त्यांपैकी एक आहे. पडद्याची चित्रं काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.