हवा आणि हवामान

मुलांनो, आज राजारामपुरीत ऊन आहे, ही झाली हवा. दरवर्षी आषाढात पाऊस पडतो, हे हवामान. वाळत घातलेले कपडे आपण हवा पाहून काढतो, शेतकरी पेरणी हवामान जाणून करतो. तथागतांनीही भिक्खूंना वर्षावास सांगितला, तो याच जाणिवेने. पावसाळ्यातील चारिकेत कोवळी रोपे व सूक्ष्म जीव तुडवले जात होते.

गगनबावड्याचा पाऊस पंचगंगेत उतरतो. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. उपसा केंद्रे बुडाली. चहूकडे पाणी आणि नळ मात्र कोरडे! तापलेली हवा अधिक बाष्प धरते, म्हणून पाऊस थोड्या वेळात अधिक कोसळतो.

आता पावसाळ्यात आम्ही फळ्यावर तारखेखाली बंधाऱ्याची पातळी लिहितो. ३९ हा इशाऱ्याचा आकडा जवळ आला, की टाक्या भरून ठेवतो.