गाडी खाली बसवल्याच्या वार्तेवरून पुतण्यास पत्र

कोल्हापूर

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला तू फोनवर गाडीचे किरकोळ काम काढल्याचे सांगितलेस. परंतु तुझ्याच बिऱ्हाडाशेजारी राहणारा जो मुलगा परवा श्टुटगार्टहून सुट्टीवर आला, त्याने आमच्या ओसरीवर चहा घेता घेता जी हकिकत कथन केली, तीत किरकोळ असे काही मला आढळले नाही. त्या दोन आसनी माझ्दाचे मूळचे शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगा काढून, कोणाकडून तरी घेतलेले जुने कॉइलओव्हर तू भाड्याच्या गॅरेजात रात्री जागून बसवलेस, गाडी चांगली दोन बोटे खाली आणलीस, आणि आता न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफवर ती नेण्याचा तुझा बेत आहे, असे तो मोठ्या कौतुकाने सांगत होता. त्या कौतुकात मीही सामील झालो असतो. पण हे सारे तू एकट्याने केलेस हे ऐकले आणि माझा चहा तसाच निवला.

1989 साली जन्मलेली, म्हणजे वयाने तुझ्याहून वडील असलेली ती एमएक्स-5 चारही चाकांना दुहेरी विशबोन देऊन घडवली गेली, आणि स्प्रिंगचा ताठपणा, शॉकॲब्सॉर्बरचा आवर व चाकाला वरखाली होण्यास ठेवलेला वाव या तिहींचा मेळ तिच्या कर्त्यांनी फार विचारपूर्वक घातलेला आहे. गाडी खाली आणली की हा वाव आक्रसतो. भर वळणात बाहेरचे चाक उंचवट्यावर चढून सस्पेन्शन बंपस्टॉपवर आदळले, तर भार एकाएकी त्या टायरवर कोसळतो आणि टायर पकड सोडतो. चाकांचे कोन, म्हणजे कँबर व टो-इन, बिघडतात ते वेगळेच. आणि विशबोनचे रबरी बुश? गाडी जॅकवर लोंबकळत असताना त्यांचे बोल्ट आवळलेस, तर चाके जमिनीस टेकताच ते रबर पिळलेल्या अवस्थेत अडकून राहते व अल्पावधीत फाटते. ते बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच आवळावयाचे असतात. हे तुला ठाऊक असेल. अभियांत्रिकीची पदवी तुझी आहे, मी एस.टी.च्या कार्यशाळेत पाटे बदलण्यात हयात घालवलेला माणूस. पण शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावरचा वरचा नट झोपेने जडावलेल्या हातांनी तू आवळलास, तो दुसऱ्या कोणी पाहिला का?

आमच्या खात्यात एकाने आवळलेला नट दुसऱ्याने पाना लावून पाहिल्याखेरीज आम्ही गाडी सोडत नसू. तुझ्या तिथले सरकार तरी निराळे काय मागते? असा फेरफार केल्यावर अधिकृत निरीक्षकापुढे गाडी उभी करून दाखला घ्यावा, अन्यथा गाडीची रस्त्यावर चालण्याची मंजुरीच रद्दबातल होऊ शकते, आणि विम्याचा तंटा उभा राहतो तो निराळा. त्या दाखल्याला तू सरकारी जाच म्हणशील; मला त्यात दुसऱ्या माणसाची नजर दिसते. आणि नॉर्डश्लायफचा तो जवळजवळ 21 किलोमीटरचा वळणांचा रस्ता 1927 पासून भल्याभल्यांची परीक्षा घेत आला आहे. 1976 साली तिथेच शर्यतपटू निकी लाउडाची फेरारी पेटली. मागच्या सस्पेन्शनचा भाग तुटल्याचा वहीम पुष्कळांनी घेतला, पण तो वाद काही मिटला नाही. त्याच्या पाठीशी तर उभा कारखाना होता! तुझा नट कोणी पाहिला?

फार कठोर लिहिले. तुझ्या वयात माझ्याजवळ म्हैसूरला बनलेली जावा होती, आणि पंचगंगेच्या पुलावरून ती भरधाव नेताना मी कोणाच्या बापाचे ऐकत नसे. स्वतःच्या बापाचे मात्र ऐकावे लागले. 'विकून टाक,' एवढेच आजोबा म्हणाले, आणि मी चकार शब्द न काढता चावी गिऱ्हाइकाच्या हाती ठेवली. त्यांची आज्ञा वावगी होती असे मी आजही म्हणणार नाही. परंतु ती गाडी मला किती प्रिय होती हे त्यांना सांगायचे राहून गेले, आणि विचारावे असे त्यांनाही सुचले नाही, ही रुखरुख मात्र गेली नाही. तुझे बाबा तेव्हा शाळेत होते. त्या दुपारी ते जेवले नाहीत. ते आज असते तर तुला रागे भरण्याआधी त्या गाडीत एक फेरी मारून आले असते. म्हणून गाडी विक, असे मी तुला लिहीत नाही.

अलाइनमेंट करून घे, थोडे अंतर चालवल्यावर सारे नट पुन्हा पाहा, दिवे खाली झुकले असतील ते सारखे कर, आणि दाखला हाती येईपर्यंत नॉर्डश्लायफचे नाव काढू नकोस. दाखल्याचे छायाचित्र आईला पाठव. तिला जर्मन येत नाही, तरी शेजारीपाजारी दाखवील. दिवाळीला येशील तेव्हा माझा टॉर्कचा पाना घेऊन जा. पेटी गंजली आहे, पाना उत्तम आहे. आणि तिथे कोणी दुसरा माणूस मिळत नसेल, तर फोनचा कॅमेरा सुरू करून ते नट एकेक करून मलाच दाखव. मी इथून पाहीन. तुझ्या सोयीची वेळ आमच्या मध्यरात्रीची असली तरी जागा राहीन. तेवढे गाडीखाली शिरण्यापूर्वी स्टँड लाव, नुसत्या जॅकवर विसंबू नकोस, आणि थंडी असेल तर अंगात स्वेटर घाल.

तुझा,
काका