व्यसनमुक्तीची वाट

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत घरे एकमेकांना लागून असतात. 'लोक काय म्हणतील?' या भीतीने तेथे एखाद्या घरातील व्यसन वर्षानुवर्षे लपवले जाऊ शकते. परंतु व्यसन हा आजार आहे. मद्य किंवा गर्द दीर्घकाळ घेतल्याने मेंदूच्या कार्यात बदल होतात. म्हणूनच 'उद्यापासून सोडतो' हा निश्चय प्रामाणिक असूनही टिकत नाही. आजार लपवला, की उपचार लांबतात.

हा आजार उपचारांनी आटोक्यात येतो, हे पुण्याच्या 'मुक्तांगण' या संस्थेने दाखवून दिले. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या तरुणांविषयी लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांच्या नेतृत्वाखाली ही संस्था सुरू झाली. तेथे औषधांबरोबरच समुपदेशनाला महत्त्व दिले गेले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्या रुग्णांना आधार देऊ लागली. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट निर्माण झाला; कारण व्यसनाचे घाव सर्व कुटुंबालाच सोसावे लागतात.

योग्य उपचारांना क्रम असतो. अतिमद्यपान करणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास हातपाय कापणे, भ्रम होणे, झटके येणे असे धोके संभवतात. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच चढावी. त्यानंतर समुपदेशन आणि दीर्घकाळ पाठपुरावा आवश्यक असतो. पुन्हा व्यसन जडले, तर उपचार वाया गेले असे न मानता ते पुन्हा सुरू करावेत.

रुग्णाच्या नकळत जेवणात औषध मिसळू नये. त्यावर दारू घेतली गेल्यास काही औषधे जीवघेणी ठरू शकतात. जेथे मारहाण होते, ते उपचारकेंद्र नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

या उपचारांसाठी रायपूरच्या माणसाने पुणे गाठलेच पाहिजे, असे नाही. जवळच्या शासकीय रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर रुग्णाला आणि कुटुंबीयांनाही मार्गदर्शन मिळते. मदत मागण्यात कमीपणा नाही. बरे होण्याची सुरुवात तेथूनच होते.

स्वाध्याय
१. व्यसनाला आजार का म्हटले आहे?
२. उपचारकेंद्र निवडताना आपण कोणती चौकशी कराल?