तरुण कुटुंबाचा आरोग्य विमा : हप्ता नव्हे, बिल बघून निवडा



आजारपण बंदी बघून येत नाही. जून-जुलैमध्ये होडी वर ओढलेली असते, हातात पैसा नसतो आणि नेमकं तेव्हाच इस्पितळाचं बिल आलं, की व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते नाहीतर बायकोचे दागिने गहाण जातात. म्हणून नवरा-बायको आणि लहान मुलं असलेल्या घरांसाठी हा विषय आज सविस्तर घेतोय.

१) आधी सरकारी कार्ड

गोव्यात पाच वर्षं किंवा जास्त राहणाऱ्यांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. म्हणजे दुसरं मूल झालं की त्याचं नाव लगेच चढवा, मर्यादा वाढते. यादीतले उपचारच यात बसतात आणि कार्डाची मुदत संपलेली असेल तर उपयोग नाही. घरात ७० वर्षांवरचे आई-वडील असतील तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्यावर ५ लाखांपर्यंत उपचार होतात.

२) मग फॅमिली फ्लोटर

यात एकच रक्कम सगळ्या घराला मिळून वापरता येते. हप्ता घरातल्या सर्वात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. म्हणून आई-वडिलांना त्याच पॉलिसीत घालू नका, त्यांचं वेगळं बघा. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर ‘आरोग्य संजीवनी’ विचारा. कंपनी कुठलीही असली तरी तिच्या अटी सारख्याच, त्यामुळे हप्त्यांची तुलना सोपी जाते. बिलाचे ५ टक्के मात्र आपल्याला भरावे लागतात आणि बाळंतपण त्यात बसत नाही.

३) एजंटला हे विचाराच

• खोलीभाड्याला मर्यादा आहे का? समजा मर्यादा दिवसाला ३,००० आहे आणि तुम्ही ६,००० ची खोली घेतली. तर फक्त भाडं अर्धं होत नाही, डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेसुद्धा त्याच प्रमाणात कापतात. खोलीभाडं ३०,००० आणि हे बाकीचे ५०,००० झाले, तर ८०,००० पैकी ४०,००० च मिळणार.
• जुन्या आजाराला किती वर्षं थांबायचं? नियमाप्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षं.
• बाळंतपण कधीपासून? लग्न नवीन असेल तर हे आधीच बघा, गरोदर राहिल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला चालत नाही.
• आपल्या जवळचं कुठलं इस्पितळ कॅशलेस आहे?

४) फॉर्मवर खरं लिहा

बीपी, साखर, तंबाखू, जुनं ऑपरेशन, काहीच लपवू नका. ‘नको लिहूया, हप्ता वाढेल’ असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. पुढे क्लेम नाकारला तर भोगायचं आपल्यालाच. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून बघा, पटली नाही तर परत करता येते.

५) हप्त्याची तारीख

ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू होते. एक-दोन महिने कमाई झाली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात पॉलिसी घ्या, म्हणजे दर वर्षी नूतनीकरण त्याच वेळी येईल, बंदीत नाही. पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून दुसरा आजार बसत नाही, हेही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेव्हा कुणी वेगळा कर सांगितला तर पावती मागा.

६) समुद्रातला अपघात वेगळा

मत्स्य संपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख मिळतात. हप्ता सरकार भरतं. पण हा आजारपणाचा विमा नव्हे. ‘माझा विमा आहे’ म्हणणाऱ्या खलाशाने आपल्याकडे नक्की कुठला आहे ते एकदा बघावं.

पॉलिसी घ्यायच्या आधी कागद घेऊन संस्थेच्या कार्यालयात या. सोबत बसून वाचू. येताना घरच्या बाईला घेऊन या, कारण तुम्ही समुद्रात असताना इस्पितळात कार्ड तिलाच दाखवायचं असतं.

— सचिव