एका अमिनो आम्लाचे मोल

सजीवांचे शरीर ज्या मूलद्रव्यांचे बनलेले आहे, तीच मूलद्रव्ये माती, पाणी आणि हवा यांतही आढळतात. मानवी शरीराच्या वजनापैकी सुमारे ९६ टक्के भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन व नायट्रोजन या चार मूलद्रव्यांनीच व्यापलेला असतो. सजीवांचे वेगळेपण मूलद्रव्यांत नसून त्यांच्या मांडणीत आहे. कार्बनचा अणू चार बंध जोडू शकतो, म्हणून त्याच्या लांब साखळ्या तयार होतात. कर्बोदके, मेद, प्रथिने व न्यूक्लिक आम्ले या सर्व जैवरेणूंचा सांगाडा कार्बनचाच असतो.

यांपैकी प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा होत. मणी २० प्रकारचे. परंतु कोणता मणी कोठे ओवायचा, हे डीएनएतील लिपी ठरविते. रक्तातील हिमोग्लोबिन हे असेच एक प्रथिन आहे. त्यात प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा व प्रत्येकी १४६ अमिनो आम्लांच्या दोन बीटा साखळ्या असतात. प्रत्येक साखळीत लोहाचा एक अणू असतो व तो ऑक्सिजनचा एक रेणू धरून ठेवतो.

बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्ल असते. डीएनएच्या लिपीतील एकच अक्षर बदलले, तर तेथे व्हॅलिन येते. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो व ते पाण्यात सहज सामावते. व्हॅलिनवर प्रभार नसतो व ते पाणी टाळते. त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू परस्परांस चिकटून त्यांचे लांब तंतू बनतात आणि गोल, लवचिक रक्तपेशी विळ्याप्रमाणे वाकडी व ताठ होते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते व रक्तक्षय होतो. हाच सिकलसेल आजार. त्याचे मूळ रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. तो फरक एकाच अमिनो आम्लाचा आहे, हे १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी सिद्ध केले.

हा धडा आपल्यासाठी केवळ परीक्षेपुरता नाही. विदर्भातील आदिवासी, तसेच बौद्ध व अन्य काही समाजांतील अनेक कुटुंबांत हा आजार आढळतो. तो शाप नव्हे, स्पर्शाने पसरत नाही, आणि त्यासाठी एकट्या आईला दोष देणे हा तर निव्वळ अन्याय आहे. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच अपत्यास हा आजार होतो. एकाकडूनच आले तर ते अपत्य वाहक ठरते व सहसा निरोगी आयुष्य जगते. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते.

म्हणून सोयरीक ठरविताना पत्रिकेपेक्षा रक्ततपासणीचा अहवाल पाहावा. प्राथमिक विद्राव्यता चाचणीत दोष आढळल्यास इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीने रुग्ण की वाहक, हे निश्चित करता येते. वाहक असणे हा कमीपणा नव्हे. ते लपविणे मात्र पुढील पिढीस महाग पडते.

ज्या मुलास हा आजार आहे, त्याने भरपूर पाणी प्यावे, कडाक्याच्या थंडीपासून व अतिश्रमापासून जपावे आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे नियमित घ्यावीत. ताप वा छातीत दुखणे सुरू झाल्यास त्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. वर्गात किंवा वसतिगृहात असे मूल सांधेदुखीने निपचित पडले, तर त्यास आळशी म्हणू नये. त्याच्या वेदनेचे कारण समजून घेणे, हे त्या मुलाच्या सोबत्यांचे व शिक्षकांचे पहिले कर्तव्य आहे.