घटक 4 : ऑक्टाव्हियो पाझ – राजदूत ते प्राध्यापक

4.1 उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास –
1. ऑक्टाव्हियो पाझ यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
2. 1968 मध्ये त्यांनी राजदूतपद सोडण्यामागील कारणांची मीमांसा करता येईल.
3. राजनैतिक सेवा व अध्यापन यांचा त्यांच्या लेखनाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.

4.2 प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, लेखकाचे पोट लेखनावर क्वचितच चालते. तो कोठेतरी नोकरी करतो आणि त्या नोकरीची बंधनेही स्वीकारतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव नवा नाही. परंतु ज्या संस्थेच्या वतीने आपण बोलतो, तिचीच कृती आपल्या विवेकाला मान्य नसेल तर काय करावे? मेक्सिकोचे कवी व निबंधकार ऑक्टाव्हियो पाझ (1914–1998) यांच्यापुढे हा प्रश्न भारतात, दिल्ली येथे राजदूत असताना उभा राहिला. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या कारकिर्दीचा अभ्यास या प्रश्नाच्या अनुरोधाने करणार आहोत.

4.3 विषय विवेचन

4.3.1 जडणघडण

पाझ यांचा जन्म 31 मार्च 1914 रोजी मेक्सिको शहरात झाला. त्यांचे आजोबा इरेनेओ पाझ हे लेखक व उदारमतवादी विचारवंत होते. मिस्कोआक येथील घरातील आजोबांचा ग्रंथसंग्रह हीच पाझ यांची पहिली पाठशाळा ठरली. वडील वकील होते आणि शेतकऱ्यांचा क्रांतिकारक नेता एमिलियानो झापाटा याच्या बाजूने उभे राहिले होते. पुस्तके आणि राजकारण असा दुहेरी वारसा पाझ यांना घरातच मिळाला. 1933 मध्ये त्यांचा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. 1937 मध्ये त्यांनी काही काळ युकातान प्रांतात शेतकरी व कामगारांच्या मुलांना शिकविले. त्याच वर्षी यादवी युद्धाने होरपळणाऱ्या स्पेनमधील फॅसिझमविरोधी लेखकांच्या परिषदेस ते उपस्थित राहिले. म्हणजेच, मुत्सद्दी होण्यापूर्वी ते शिक्षक होते, ही बाब आपण ध्यानात ठेवावी.

4.3.2 राजनैतिक सेवा आणि भारत

1945 मध्ये पाझ मेक्सिकोच्या परराष्ट्र सेवेत दाखल झाले. पॅरिस येथील वास्तव्यात त्यांनी मेक्सिकन मनाचा शोध घेणारा ‘एकांताचा चक्रव्यूह’ (1950) हा निबंधग्रंथ सिद्ध केला. 1951 च्या अखेरीस दूतावासातील अधिकारी म्हणून ते समुद्रमार्गे मुंबईस उतरले. भारताचे पहिले दर्शन त्यांना या शहरात घडले. त्याच दिवसांत त्यांनी घारापुरीची लेणीही पाहिली. हा मुक्काम काही महिन्यांचाच होता.

1962 मध्ये ते राजदूत म्हणून दिल्लीस परतले. या सहा वर्षांत त्यांनी भारतीय तत्त्वज्ञान, शिल्प व कला यांचा सखोल अभ्यास केला. जे. स्वामिनाथन, अकोल्याचे अंबादास आदी चित्रकारांच्या ‘ग्रुप 1890’ च्या 1963 मधील प्रदर्शनाची प्रस्तावना पाझ यांनी लिहिली होती. मारी-होसे यांच्याशी त्यांचा विवाहही दिल्लीतच झाला. या काळातील कविता ‘पूर्वेचा उतार’ (1969) या संग्रहात आल्या आहेत. राजदूतपदाने त्यांना स्थैर्य, प्रवास आणि लेखनास अवकाश दिला. त्यामुळे पुढे त्यांनी काय सोडले, याचे मोल आपणास नीट कळते.

4.3.3 1968 : पदत्याग

1968 मध्ये मेक्सिको शहरात विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन सुरू होते. एकाच पक्षाची सत्ता दीर्घकाळ चालू असलेल्या त्या देशात लोकशाही हक्कांची मागणी होत होती. ऑलिंपिक स्पर्धांना 12 ऑक्टोबर रोजी प्रारंभ व्हावयाचा होता. त्याच्या दहा दिवस आधी, 2 ऑक्टोबरच्या सायंकाळी, त्लातेलोल्को येथील चौकात जमलेल्या निदर्शकांवर गोळीबार झाला. मृतांच्या आकड्याविषयी आजही एकमत नाही.

हे वृत्त कळताच पाझ यांनी 4 ऑक्टोबर रोजी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहून आपणास पदमुक्त करण्याची विनंती केली. तांत्रिकदृष्ट्या हा सेवेचा राजीनामा नव्हता. अधिकाऱ्यास नियुक्तीविना ठेवण्याची ती विनंती होती. या भेदावरून पुढे वाद झाले. परंतु कृतीचा अर्थ संदिग्ध नव्हता. राजदूताचा आवाज हा शासनाचा आवाज असतो. त्या शासनाचे समर्थन करणे यापुढे शक्य नाही, हे त्यांनी जाहीर केले. ऑलिंपिकनिमित्त भरणाऱ्या कविसंमेलनाचे निमंत्रण त्यांनी पूर्वी नाकारले होते. आता मात्र त्यांनी संयोजकांना हत्याकांडावरील एक कविता पाठविली.

भारत सोडताना पाझ दांपत्य मुंबईस आले आणि पुन्हा घारापुरीस गेले. जेथे भारताची ओळख सुरू झाली होती, तेथेच त्यांनी निरोप घेतला. घारापुरीवरील त्यांची कविता ‘पूर्वेचा उतार’ मध्ये आहे.

4.3.4 अध्यापन आणि संपादन

पद गेल्यानंतर पाझ यांना विद्यापीठांनी आश्रय दिला. 1969 मध्ये टेक्सास विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानातून ‘पश्चलेख’ (1970) हे पुस्तक आकारास आले. त्यात त्यांनी त्लातेलोल्कोच्या घटनेची मुळे मेक्सिकोच्या सत्ताकल्पनेत शोधली. अझ्टेक पिरॅमिड हे वरून खाली उतरणाऱ्या सत्तेचे प्रतीक असून ते आधुनिक शासनातही जिवंत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. जे राजदूताला लिहिता आले नसते, ते प्राध्यापकाला लिहिता आले, हे येथे लक्षात घ्यावे.

1970 मध्ये त्यांनी केंब्रिज येथे अध्यापन केले. 1971–72 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी काव्यविषयक व्याख्यानमाला दिली आणि पुढेही काही वर्षे तेथे अध्यापन केले. या व्याख्यानांच्या ग्रंथात (1974) ‘परंपराभंगाची परंपरा’ ही संकल्पना येते. आधुनिक साहित्य आधीच्या परंपरेला नाकारते आणि हे नाकारणेच कालांतराने परंपरा बनते, असा तिचा आशय आहे.

मेक्सिकोत परतल्यावर त्यांनी 1971 मध्ये ‘प्लुराल’ व 1976 मध्ये ‘व्हुएल्ता’ ही नियतकालिके सुरू केली. त्यांची टीका केवळ मेक्सिकोच्या शासनापुरती नव्हती. डाव्या राजवटींतील दडपशाहीवरही त्यांनी लिहिले. परिणामी 1984 मध्ये मेक्सिको शहरात त्यांची प्रतिमा जाळण्यात आली. 1968 मध्ये ज्यांनी त्यांना नायक मानले, त्यांतील अनेक जण आता विरोधात गेले. 1990 मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. 19 एप्रिल 1998 रोजी त्यांचे निधन झाले.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
एका वाक्यात उत्तरे लिहा.
1. पाझ परराष्ट्र सेवेत केव्हा दाखल झाले?
2. ‘पश्चलेख’ मध्ये पिरॅमिड कशाचे प्रतीक आहे?
3. ‘व्हुएल्ता’ हे नियतकालिक कोणत्या वर्षी सुरू झाले?

4.4 सारांश

पाझ यांनी तेवीस वर्षे शासनाची सेवा केली. त्या काळात त्यांनी शासनाची प्रत्येक कृती नाकारली असे नाही. म्हणून त्यांना निष्कलंक बंडखोर ठरविणे योग्य होणार नाही. मात्र एका मर्यादेपलीकडे पद आणि विवेक एकत्र नांदू शकत नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि त्याची किंमत मोजली. वर्ग आणि नियतकालिक यांतून त्यांना स्वतःच्या नावाने बोलण्याचे स्वातंत्र्य मिळाले. त्या स्वातंत्र्यात टाळ्यांची हमी नव्हती, हेही त्यांच्या चरित्रातून दिसते.

4.5 पारिभाषिक शब्द

मुत्सद्दी : परराष्ट्र व्यवहारात देशाचे प्रतिनिधित्व करणारी व्यक्ती.
पदमुक्त : पदाच्या जबाबदारीतून मोकळा केलेला.
पश्चलेख : मूळ लेखन पूर्ण झाल्यावर जोडलेला मजकूर, ताजा कलम.

4.6 स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

1. पाझ 1945 मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झाले.
2. पिरॅमिड हे वरून खाली उतरणाऱ्या सत्तेचे प्रतीक आहे.
3. ‘व्हुएल्ता’ 1976 मध्ये सुरू झाले.

4.7 स्वाध्याय

1. पाझ यांच्या पदत्यागाची पार्श्वभूमी व अर्थ सविस्तर विशद करा.
2. ‘राजदूताचा आवाज आणि लेखकाचा आवाज’ यांतील संघर्ष पाझ यांच्या आधारे स्पष्ट करा.
3. ‘परंपराभंगाची परंपरा’ ही संकल्पना आपण अभ्यासलेल्या मराठी नवकवितेस कितपत लागू पडते, याची सोदाहरण चर्चा करा.