सर्पदंशाचा रुग्ण आणि वाटेतला दीड तास

‘आमच्या गावाजवळ आरोग्य केंद्राची नवी इमारत झाली. फोन केला की १०८ ची गाडी येते. मग आता साप चावलेला माणूस दगावता कामा नये, नाही का?’ असे एका वाचकांनी पत्रातून विचारले आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या शेजारच्या वस्तीवर अशी एक दुर्दैवी घटना घडली. प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर देताना मला माझीच एक चूक सांगावी लागणार आहे.

१९९६ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. डोंगराळ भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून नुकताच रुजू झालो होतो. पहाटे चारच्या सुमारास जीपमधून एका नऊ वर्षांच्या मुलाला आणले. पोटात कळा येत होत्या, एकदा उलटी झाली होती, घसा दुखतो म्हणत होता. अंगावर जखम नाही, सूज नाही. रात्री काय खाल्ले एवढेच मी विचारले. कुठे झोपला होता, हे विचारले नाही. पोटदुखीचे इंजेक्शन देऊन त्याला खाटेवर निजवले. साडेपाचला त्याची आई मला बोलवायला आली. ‘डॉक्टरसाहेब, ह्याचं डोळं उघडंनात. ही झोप न्हाई,’ ती म्हणाली. मुलाच्या पापण्या जड होऊन खाली आल्या होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगा घरात जमिनीवर झोपला होता आणि त्याला मण्यार चावली होती.

फ्रीजमध्ये लसीच्या चारच कुप्या होत्या. त्या देऊन मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. वाट दीड तासाची. केंद्रात एक बाई बाळंतपणात अडली होती, म्हणून मी मागे थांबलो. जीपमध्ये आईवडील, ड्रायव्हर आणि आमचा शिपाई. श्वास देण्याची ॲम्बू बॅग आमच्या कपाटात होती, आली तशीच प्लास्टिकच्या पिशवीत. ती वापरणे माझ्याशिवाय कोणाला येत नव्हते, म्हणून ती कपाटातच राहिली. अर्ध्या वाटेत मुलाचा श्वास थांबला.

त्या दिवशी इमारत होती, गाडी होती, थोडी का होईना लस होती, उपकरणही होते. मात्र गाडीत बसून श्वास देऊ शकेल असा माणूस नव्हता.

मण्यारीचे विष काय करते?

आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सर्पदंशावरील आपली लस या चारही विषांवर चालते. घोणस व फुरसे चावले तर सूज येते, वेदना होतात आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. नाग चावला तरी बहुधा सूज व वेदना असतात. मण्यारीचे तसे नाही. काळ्या तुकतुकीत अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दात इतके बारीक की खूण सापडत नाही. पुष्कळदा माणसाला जागही येत नाही. पहाटे पोटदुखी, उलटी, घशात दुखणे सुरू होते. मग पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. विष एकदा मज्जातंतूंच्या टोकांना भिडले की लस दिल्याने ते लगेच सुटत नाही. रक्तात फिरणारे विष लस निकामी करते. पण जेथे इजा झालेली आहे, तेथे दुरुस्ती व्हायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस रुग्णाला बाहेरून श्वास मिळत राहिला, तर तो बरा होऊ शकतो. असा रुग्ण मेल्यासारखा दिसतो. डोळे उघडत नाहीत, बोटही हलत नाही. पण हृदय चालू असते आणि पुष्कळदा त्याला आजूबाजूचे ऐकूही येत असते. अशा रुग्णाला मृत समजून सोडून देणे ही फार मोठी चूक होय.

ॲम्बू बॅग म्हणजे दोन हातांत मावेल अशी फुगीर पिशवी आणि तिला जोडलेला मुखवटा. रुग्णाची मान किंचित मागे करायची, हनुवटी वर उचलायची, मुखवटा नाकातोंडावर घट्ट धरायचा आणि मोठ्या माणसाला साधारण दर पाच-सहा सेकंदांनी एकदा पिशवी दाबायची. छाती वर येते की नाही ते पाहायचे. वाचायला हे सोपे वाटते, पण सरावाशिवाय जमत नाही. मुखवट्याच्या कडेने हवा निसटते, नाहीतर मान सरळ राहून श्वासमार्ग बंद होतो.

शिकवले की जमते

त्या घटनेनंतर मी एक नियम केला. दर शनिवारी बाह्यरुग्ण विभाग संपला की सिस्टर, शिपाई, ड्रायव्हर सगळ्यांनी अर्धा तास रबरी पुतळ्यावर ॲम्बू बॅगचा सराव करायचा. सुरुवातीला कुरकुर झाली. शिपाई म्हणाला, ‘साहेब, आमचं काम का हे?’ पुढे २००३ च्या ऑगस्टमध्ये पहाटे एका शेतमजूर बाईला आणले. पापण्या मिटलेल्या, मान टाकलेली. या वेळी मी पहिला प्रश्न विचारला तो कुठे झोपली होती हा. लस सुरू करून तिला रवाना केले. वाटेत श्वास थांबला. सिस्टर आणि तोच शिपाई आळीपाळीने तासभर बॅग दाबत राहिले. रुग्णालयात तिला कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवले आणि काही दिवसांनी ती पायी चालत घरी गेली. नंतर भेटायला आली तेव्हा म्हणाली, ‘सिस्टरबाई दमल्या व्हत्या, पन हात थांबवत नव्हत्या. मला समदं ऐकू येत व्हतं.’

हे केवळ आमच्या केंद्राचे नवल नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे हाही त्या शिक्षणाचा भाग होता. तेथे नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले आणि ते निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोकणात महाड येथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबावरील साधे औषध वापरून दाखवले आणि खेड्यापाड्यांतील असंख्य जीव वाचले. स्वस्त साधन आणि ते वापरणारा शिकलेला हात, एवढीच या दोन्ही ठिकाणची शिदोरी होती.

साखळीची कडी कुठे तुटते?

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यांतील बहुतेक खेड्यांतील. पुष्कळांना रुग्णालयाचे दारही दिसत नाही. २०२४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.

आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टर असणे हे तिचे वैशिष्ट्य. ही मोठीच सोय आहे. परंतु गाडी येईपर्यंतचा वेळ गावाच्या हाती असतो. आरोग्य केंद्रात रुग्ण पोचल्यावर पहिला अर्धा तास तेथील माणसांच्या हाती असतो. डोंगरी व आदिवासी भागात साधारण २० हजार लोकसंख्येला, तर सपाटीवर ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. तेथला शिकलेला माणूस बदलून गेला की त्याच्याबरोबर त्याचा हातही जातो. म्हणून एकदा शिबिर घेऊन भागत नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पुन्हा शिकवावे लागते आणि नव्याने आलेल्यालाही शिकवावे लागते.

आपल्या केंद्रात जाऊन विचारा

आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत नागरिकांनी पुढील प्रश्न जरूर विचारावेत. भांडणासाठी नव्हे, सोबतीसाठी.

१. सर्पदंशावरील लस आज किती कुप्या शिल्लक आहे? सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या लागू शकतात, आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण साप विष सारखेच सोडतो.

२. लसीची तीव्र ॲलर्जी आली तर त्यासाठी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी आहे काय?

३. ॲम्बू बॅग लहान व मोठ्या मुखवट्यांसह बाहेर टेबलावर आहे की कपाटात?

४. रात्रपाळीच्या सिस्टर, शिपाई आणि ड्रायव्हर यांपैकी ती कोणाकोणाला वापरता येते? शेवटचा सराव कधी झाला?

५. रुग्ण पुढे पाठवताना त्याच्याबरोबर कोण जाते? पुढच्या रुग्णालयात कृत्रिम श्वासाचे यंत्र आहे, हे फोन करून आधी विचारले जाते काय?

घरच्यांनी काय करावे?

पावसाळ्यात शक्यतो खाटेवर आणि कडा नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपावे. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यावी. साप चावला तर रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठ्या, बांगड्या, तोडे काढावेत. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, पण दोरीने करकचून आवळू नये. चिरा देणे, विष चोखणे, मिरची खायला देणे यांत वेळ दवडू नये. साप मारत बसू नये. चावल्याची वेळ लक्षात ठेवावी आणि १०८ ला फोन करावा. गुंगी येत असेल वा उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर निजवावे. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहावे. आणि पावसाळ्यात पहाटे कोणाचे अचानक पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर चाव्याची खूण शोधत न बसता थेट दवाखाना गाठावा. रुग्ण जमिनीवर झोपला होता, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. डॉक्टरही माणूस आहे, तो विचारायला विसरू शकतो.

पत्रलेखक वाचकांना माझे उत्तर असे : इमारत हवीच, गाडीही हवी. पण आपल्या गावापासून जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर श्वास देऊ शकणारी माणसे किती, हे मोजा. ती संख्या वाढवणे फार खर्चाचे काम नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी ते आपल्याला करता येईल.